चांदमारीची पेटी

धानोऱ्याच्या बाजारात सायकलची ट्यूब मिळते, मोटरसायकलचा प्लग मिळतो, पाण्याच्या मोटरीचा वायसरही मिळतो. एअर रायफलच्या सिलिंडरला लागणारी ओ-रिंग मात्र मिळत नाही. बोटाच्या टोकावर मावणारी ही रबरी कडी हवी असेल तर आधी गडचिरोली गाठायचं, तिथून नागपूर, आणि नागपुरातही नाही मिळाली तर पुण्याहून कुरिअर येण्याची वाट बघायची. तोवर रायफल कोपऱ्यात उभी. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्या पोराची हीच कडी गेली, तर शेजारच्या लेनवरचा कोणीतरी आपल्या डबीतून एक काढून देतो आणि सराव पुढे चालू राहतो. म्हणून नेमबाजीच्या पेटीबद्दल सांगायचं तर ते धानोऱ्यात बसून सांगावं असं मला वाटतं. दुकान जितकं लांब, तितकी पेटी नेमकी भरलेली हवी. आणि एसटीच्या मांडणीवर चढवून, मांडीवर धरून नेता येईल इतकी हलकीही हवी. या दोन गोष्टींचा मेळ घालणं हेच खरं कौशल्य आहे.

गडचिरोलीपासून पूर्वेला, छत्तीसगडच्या दिशेने तासाभराच्या वाटेवरचं हे तालुक्याचं गाव. पुढे मुरुमगाव, मग राज्याची हद्द. जवळच मेंढा-लेखा, सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या बांबूचा कारभार आपण करणारं, म्हणून देशभर नाव झालेलं. या मुलखात बंदूक खेळ म्हणून आलेली नाही. आधी होती ती भरमार, तोंडाकडून दारू ठासायची गावठी बंदूक, जिचं एकुलतं एक अवजार म्हणजे नळीखाली खोचलेला गज. मग आली पोलिसांची आणि राखीव दलाची बंदूक. १९९० साली गडचिरोली पोलिसांनी सी-६० पथक उभं केलं ते जिल्ह्यातल्याच तरुणांना घेऊन. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांना चांदमारी, म्हणजे निशाण्यावरचा गोळीबाराचा सराव, हा शब्द माहीत आहे, पण खेळातली नेमबाजी माहीत नाही. ती माहीत व्हायला हवी. एनसीसीतून हातात आलेल्या रायफलीने सुरुवात करून माणूस कुठवर जातो याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत होत्या, तिथून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर गेल्या, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि २००२ साली जगात पहिल्या क्रमांकावर. आणि भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची १९५१ साली स्थापना झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. ज्या स्पर्धेतून बहुतेक नव्या नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेची वाट धरावी लागते, तिला आजही त्यांचंच नाव आहे.

पेटीला एवढं महत्त्व का द्यायचं, याचं उत्तर २५ जुलै २०२१ या दिवसात आहे. तोक्यो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाची पात्रता फेरी चालू होती. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं. हरियाणाची मनू भाकर सोळा गोळ्या उत्तम मारून बसली होती आणि पिस्तूल बिघडलं. ती लेन सोडून प्रशिक्षकांसोबत दुरुस्तीला गेली. दुरुस्ती झाली, पण घड्याळ थांबलं नव्हतं. परत येऊन उरलेल्या चव्वेचाळीस गोळ्या तिला चाळीस मिनिटांहून कमी वेळात माराव्या लागल्या. तिचे गुण झाले ५७५, क्रमांक बारावा. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच मुलीने दोन कांस्यपदकं जिंकली, म्हणजे हातात काही कमी नव्हतं.

राखीव पिस्तूल का नाही उचललं, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. त्याचं कारण समजून घेतलं की पेटीचा निम्मा विचार समजतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंज्यावर बेतून कानस लावून घासलेली असते. चापाचं वजन, चाप कुठे अडतो आणि कुठे सुटतो, माशीची रुंदी, सगळं त्या एका हाताला आणि एका डोळ्याला जुळवलेलं. दुसरं पिस्तूल त्याच कंपनीचं असलं तरी त्याचा नेम नव्याने बसवावा लागतो. म्हणून पहिला मार्ग दुरुस्तीचा, दुसरा बदलाचा. आणि दुरुस्ती करायची तर काय तुटू शकतं, ते उघडायला कुठली किल्ली लागते आणि ती किल्ली कुठल्या खणात आहे, हे हाताला पाठ हवं.

अभिनव बिंद्राचं रिओमधलं उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचं आहे. २०१६ साली एअर रायफलच्या अंतिम फेरीच्या तोंडावर त्याच्या रायफलीचा साइट तुटला. राखीव साइट सोबत होता. तो चढवून तो खेळला आणि तिसऱ्या-चौथ्या जागेसाठी युक्रेनच्या सेर्ही कुलिशशी बरोबरीत आला, दोघांचे १६३.८. एका जादा गोळीवर निकाल लागला; बिंद्रा चौथा राहिला आणि कुलिश पुढे रौप्यपदकापर्यंत गेला. पदक गेलं याची हळहळ आहेच. पण पेटीत तो राखीव साइट नसता तर ही लढतच झाली नसती. हाच कुलिश १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये पुन्हा रौप्यपदक घेऊन उभा होता, आणि त्याच्या शेजारी कांस्यपदक घेऊन उभा होता राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ४५१.४ गुणांसह.

आता एक छोटा हिशेब करू. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. गुण दशांशात मोजतात, आणि एका दशांशाला पाव मिलिमीटर. रायफलीवरच्या मागच्या साइटपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर साधारण ऐंशी सेंटिमीटर धरा. मागचा साइट माणसाच्या केसाच्या जाडीइतका, म्हणजे ०.०७ मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर गोळी पाऊण मिलिमीटरहून अधिक सरकते. तीन दशांशांहून जास्त नुकसान, एका केसाने. साइट एकदाच सरकून तिथेच राहिला तर चिंता नाही. सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्यांत दिसतं, दोन टिचक्या फिरवून नेम जागेवर आणता येतो. घात करतो तो ढिला साइट, जो या गोळीला इकडे आणि पुढच्या गोळीला तिकडे असतो. नेमबाज मग आपल्या श्वासाला दोष देतो, चाप ओढणाऱ्या बोटाला दोष देतो, रात्रभर झोपत नाही, आणि दोष असतो एका पाव फेरा सैल झालेल्या स्क्रूचा.

धानोऱ्याहून निघणाऱ्या रायफलीच्या नशिबी एसटीचा लांबचा प्रवास असतो. आधी गडचिरोली, मग नागपूर, मग पुण्याची रात्र. इतका वेळ धक्के खाल्ल्यावर स्क्रू ढिले होणारच, हे गृहीत धरून पेटी भरायची. त्यासाठी पेटीत सगळ्यात वरच्या खणात ॲलन किल्ल्यांचा संच. चांगल्या पोलादाचा, कडा धारदार असलेला. स्वस्त संचाची किल्ली दहा-बारा वेळा वापरली की तिचे सहा कोन झिजून गोल होतात, आणि मग ती स्क्रूचं डोकंही आतून गोल करून ठेवते. असा स्क्रू पुढे कोणत्याच किल्लीने निघत नाही, ड्रिल मारावं लागतं. तुमच्या रायफलीला लागणाऱ्या मापांच्याच किल्ल्या न्या, बहुधा तीन-चार मापं पुरतात. पण प्रत्येक माप दोनदा. किल्ली गवतात पडते, मित्र मागून नेतो.

ज्या दोन मोठ्या स्क्रूंनी नळीचा भाग दस्त्याला बांधलेला असतो, त्यांना मात्र साधी किल्ली नको, टॉर्क रेंच हवा. हे स्क्रू किती जोराने आवळायचे ते कंपनीने न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. हाताच्या अंदाजाने आवळलं तर एकदा कमी, एकदा जास्त, आणि दर वेळी नळी दस्त्यात वेगळी बसते. टॉर्क रेंच महाग आहे, खरं आहे; चार-पाच नेमबाजांनी मिळून एक घेतला तरी चालतो. तोपर्यंत एक जुना उपाय आहे जो फुकट आहे. स्क्रू बरोबर आवळला की बारीक पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढायची, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी बाजूच्या धातूवर. प्रवासानंतर पेटी उघडली की आधी रेघा बघायच्या. रेघ सलग दिसली तर स्क्रू जागेवर आहे. मधे तुटून पायरीसारखी दिसली तर तो फिरला आहे, कितीही थोडा का होईना. रायफलीवरच्या सगळ्या रेघा तपासायला एक मिनिटही लागत नाही. त्या मिनिटाइतका मोलाचा वेळ अख्ख्या दिवसात दुसरा नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

थ्री पोझिशनवाल्यांना तर अवजारं स्पर्धा चालू असतानाच लागतात. गुडघ्यावर, मग पडून, मग उभं राहून. प्रत्येक आसनात खांद्याला टेकणारी पट्टी वेगळ्या उंचीवर, गालाची टेकण वेगळी, आणि जिथे पट्टा लागतो तिथे त्याची लांबीही वेगळी. पात्रता फेरीत तिन्ही आसनांच्या मिळून साठ गोळ्यांना नव्वद मिनिटं मिळतात आणि हे सगळे बदल त्याच नव्वद मिनिटांत करायचे असतात. म्हणून कुसाळेसारख्या नेमबाजाची अवजारं बंद पेटीत नसतात, हाताशी मांडलेली असतात, दर वेळी त्याच क्रमाने. दस्त्याच्या प्रत्येक सरकत्या भागावर आसनाप्रमाणे खुणा केलेल्या असतात. घोट्याखाली घ्यायची उशी, जिला रोल म्हणतात, तिलाही नियम आहे: लांबी २५ सेंटिमीटर आणि व्यास १८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. प्रवासात ती दबून चपटी होते, म्हणून तिच्यावर जड वस्तू ठेवू नयेत.

हवेचा विषय जरा सावकाश बघू, कारण जंगलातल्या पावसाळ्यात हवाच सगळ्यात जास्त त्रास देते. आजच्या एअर रायफलीच्या सिलिंडरात सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दोनशे पट. एका भरणीत सराव आणि स्पर्धा दोन्ही आरामात उरकतात. शहरातल्या रेंजवर मोठ्या टाकीवरून सिलिंडर भरून घेतात, गावात हातपंप. आणि हातपंप ओढतो ती आपल्या अंगणातली हवा. जुलै-ऑगस्टात धानोऱ्याची हवा ओलसर असते. तीस अंशांना पाण्याने पूर्ण भरलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम वाफ असते. सिलिंडर पाव लिटरहून थोडा कमी, समजा २०० मिलिलिटरचा. तो २०० बारपर्यंत भरायला चाळीस लिटर हवा लागते. तिच्यात वाफ सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका भरणीमागे पाण्याचे पंचवीसएक थेंब. दाब वाढला की हवेला ही वाफ धरून ठेवता येत नाही, तिचं पाणी होतं. काही पंपातच जमतं, काही आत जातं. आत गेलेलं पाणी पोलादी सिलिंडरला गंज लावतं आणि झडपेत बसून दाब नियंत्रित करणारा भाग बिघडवतं. मग गोळ्यांचा वेग खाली-वर होतो आणि लक्ष्यावर त्या उभ्या रेषेत पसरतात.

उपाय सोपे आहेत. बऱ्याच पंपांना ओलावा शोषणारी जाळी असते, तिच्यातले दाणे रंग बदलले की बदलायचे. दाण्यांची बाटली घट्ट झाकणाची हवी आणि पेटीतच हवी. सलग पंप मारू नये. थोडं भरलं की थांबायचं, पंप गार होऊ द्यायचा, खालची कळ सोडून जमलेलं पाणी उडवून द्यायचं, मग पुढे. शक्य असेल तर दुपारच्या कोरड्या वेळी भरावं, पहाटेच्या धुक्यात नाही.

उन्हाळ्यात अडचण उलटी. सकाळी वीस अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर दुपारी पंचेचाळीस अंशांच्या गाडीत पडला तर आतला दाब २१७ च्या आसपास जातो. बंद भांड्यातली हवा तापली की दाब वाढणारच. सिलिंडर तेवढं सोसतो, पण भरतानाच थोडं कमी भरणं हे शहाणपण. बंद गाडीत, टपावर, उन्हात तो ठेवू नये. सिलिंडरवर बनावटीचं वर्ष कोरलेलं असतं. त्याची मुदत साधारण दहा वर्षं. मुदत उलटलेला सिलिंडर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. बॉम्बच आहे तो, आणि तो तुमच्या गालाजवळ असतो.

आता ओ-रिंग. तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत त्यांची मापं दिलेली असतात. प्रत्येक मापाच्या चार-चार घ्या, मापाची चिठ्ठी घालून छोट्या पुड्या करा आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवा. सोबत सिलिकॉन ग्रीसची लहान नळी. मोटरसायकलचं ग्रीस किंवा शिवणयंत्राचं तेल इथे चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. एक तर रबर फुगू शकतं. आणि मोठ्या दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात तेच इथे नको त्या जागी घडतं. जुनी कडी काढायला लाकडी दातकोरणी घ्या. सुईने किंवा पेचकसाने काढली तर खाचेला ओरखडा पडतो आणि मग नवी कडीही गळते.

गोळ्यांचं थोडक्यात. स्पर्धेच्या छर्ऱ्याचं तोंड सपाट असतं, माप ४.५ मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. डोक्याच्या मापात ४.४९, ४.५०, ४.५१ असे बारीक फरक मिळतात आणि कुठल्या नळीला कुठला मानवतो ते मारून बघूनच ठरतं. शिसं मऊ असतं. डबी हातातून पडली की छर्ऱ्याचा मागचा घेर चेपतो, म्हणून डबीत गोळ्यांवर स्पंजची चकती दाबून बसवा म्हणजे त्या खुळखुळत नाहीत. .२२ ची काडतुसं एकाच लॉटची घ्या. डब्यावरचा क्रमांक वहीत लिहा. आणि साबण. शिसं विषारी आहे, ते बोटांवरून भाकरीवर जातं. डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे, पोरांनी तर नक्कीच. रेंजवर साबण असेल या भरवशावर राहू नका. वडी कागदात गुंडाळून पेटीत टाका.

नळी साफ करायचं सामान आपल्याकडे सगळ्यात जुनं आहे. ३०३ ची ली-एनफिल्ड, जी इशापूरच्या कारखान्यात बनत असे आणि महाराष्ट्र पोलिसांच्या हातात अगदी अलीकडेपर्यंत होती, तिच्या दस्त्याच्या मागे एक पितळी झाकण असतं. ते उघडलं की आत पोकळी. तिच्यात एक पितळी तेलाची कुपी आणि एक दोरी, जिच्या एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला फास. वजन नळीच्या मागच्या तोंडातून सोडायचं, ते पुढून बाहेर पडतं. फासात चार इंच बाय दोन इंचाची फलालीनची चिंदी अडकवायची आणि एका दमात दोरी ओढून काढायची. शंभर वर्षांहून अधिक काळ शिपायाने आपली पेटी अशी बंदुकीतच बाळगली. ती हरवत नाही, विसरत नाही, वेगळी उचलावी लागत नाही. या रचनेची मला नेहमी कमाल वाटते.

त्या दोरीतला मुख्य नियम आजही तसाच आहे: नळी मागून पुढे साफ करायची. गोळी बाहेर पडते त्या तोंडाची कड अत्यंत नाजूक. तिथून लोखंडी गज आत घातला, कडेला घासला, की गोळी बाहेर पडताना एका बाजूने आधी सुटते आणि नेम कायमचा बिघडतो. .२२ साठी आवरण असलेला एकसंध गज, मापाचा पितळी ब्रश, सुती चिंद्या आणि हलकं तेल पुरे. एअर रायफलीला तेवढंही नको. लोकरीच्या छोट्या गोळ्या मिळतात, दोन-तीन मारल्या की नळी स्वच्छ. तेल अजिबात नाही, कारण वर सांगितलंच.

पोलिसांच्या चांदमारीची पेटी यापेक्षा वेगळी असते. तिथे बंदुकीची दुरुस्ती शिपायाने करायची नसते, त्यासाठी आर्मरर हजर असतो आणि त्याची स्वतःची पेटी असते. बाकीच्यांच्या पेटीत येतात लाल झेंडे, शिट्टी, लक्ष्याचे कागद, लक्ष्यावरची भोकं बुजवायच्या चिकटपट्ट्या, आणि पुंगळ्या गोळा करायचं खोकं. जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या परत मोजून घेतल्याशिवाय कोणी जागा सोडत नाही. गवतात हरवलेली एक पुंगळी शोधायला सगळी तुकडी वाकून चालते. कानाचं मात्र अजूनही हवं तितकं मनावर घेतलं जात नाही. रायफलीच्या बाराचा आवाज कानाजवळ १५० डेसिबलच्या वर जातो. १४० च्या पुढे एका आवाजातही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ऐकण्याची नस एकदा गेली की परत येत नाही. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचे बोळे पिळून, कान वर ओढून नीट आत बसवायचे, आणि वरून कानटोप. बोळ्यांच्या जास्तीच्या जोड्या पेटीत ठेवा. कोणीतरी विसरून येतोच. जिथे खऱ्या गोळ्या चालतात तिथे रक्तस्राव थांबवायची दाबपट्टी, आवळपट्टी आणि तयार उभी असलेली गाडी हवी. इथून मोठं रुग्णालय गडचिरोलीत आहे आणि वाट तासाभराची आहे, एवढं ध्यानात घेतलं तर दाबपट्टीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

काडतूस वाजलंच नाही तर? तोंड लक्ष्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, कारण दारू कधी उशिरा पेटते. मग अधिकाऱ्यांच्या देखत उघडायचं. पंचवीस मीटर पिस्तुलात तर यावर गुणच अवलंबून असतात. कोल्हापूरची राही सरनोबत, जिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि नेमबाजीत असं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, ती याच प्रकारातली. इथे पिस्तूल अडलं तर ते तसंच समोर रोखून धरायचं आणि मोकळा हात वर करायचा. पंच येऊन बघतात. दोष नेमबाजाचा नसेल तर मालिका पूर्ण करायची संधी मिळते. घाईने स्वतःच खटका मागे ओढला, तर दावा गेला. पेटी कितीही भरलेली असो, त्या क्षणी तिला हात लावायचा नाही हेही शिकावं लागतं.

काय नेऊ नये हेही सांगतो. हातोडी नको, पक्कड नको, दहा कामांचं एक अवजार तर नकोच. त्याने स्क्रूची डोकी खराब होतात, बाकी काही होत नाही. गंज सोडवायचा फवारा घरी ठेवा. चापाची आतली जुळवणी रेंजवर उघडू नका. पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम वजन पेलता आलंच पाहिजे असा एअर पिस्तुलाचा नियम आहे, आणि तपासणीत खरंच तेवढं वजन टांगून बघतात. आदल्या रात्री चाप हलका करायचा मोह झाला आणि सकाळी तो ४९० ला सुटला, तर सगळा प्रवास वाया. शक्य असेल तर ५०० ग्रॅमचं तपासणीचं वजन स्वतःकडे ठेवा आणि घरीच खात्री करा.

कागद पेटीत नाही, अंगावर. ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याविना बाळगता येते. स्पर्धेच्या रायफली याच्या निम्म्याहूनही कमी ताकदीच्या असतात. तरीही खरेदीची पावती, ओळखपत्र, क्लबचं किंवा शाळेचं पत्र यांच्या प्रती सोबत हव्यातच. आपल्या भागात नाकाबंदी नेहमीची आहे. पेटीची लांबट पिशवी बघून पोलिस थांबवणार, आणि त्यांनी थांबवायलाच हवं. निघण्याआधी ठाण्यात सांगून ठेवा, पिशवी स्वतःहून उघडून दाखवा, नळीत भगव्या रंगाची सुरक्षा दोरी आरपार घातलेली दिसू द्या. ही दोरी रेंजवर सक्तीची असते. मी म्हणेन प्रवासातही ती काढू नये. रायफल घेऊन जंगलाच्या वाटेने रमतगमत जाऊ नका. पाखरावर मारलेला एक छर्रासुद्धा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो गुन्हा तुमचं नेमबाजीतलं भविष्य संपवू शकतो.

मे महिन्यात कॅनव्हासचं जाकीट आणि पँट घालून उभं राहणं म्हणजे घामाची अंघोळ. पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखर, आत घालायला सुती बनियनची एक जास्तीची जोडी, आणि मुठीखाली पुसायला कोरडं फडकं. घामात मीठ असतं आणि निळसर पोलादावर बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस उमटतात.

परतीच्या वेळी पेटी भरणं हा जाण्याइतकाच महत्त्वाचा भाग. आधी मोजदाद: किल्ल्या त्यांच्या खणात, ओ-रिंगची डबी, साइट त्याच्या कापडात. बाहेरगावी साइट काढण्याआधी त्याच्या दोन्ही चाकांवरचे आकडे वहीत लिहा. सायकलवाला मुरुमगावला निघताना पंप आणि सोल्युशन बघून घेतो तसं हे आहे, पण त्याला वाटेत कोणी भेटेल. तुम्हाला नाही भेटणार. वहीत त्या दिवशी काय वापरलं तेही लिहा. एक ओ-रिंग खर्च झाली तर पुढच्या कुरिअरच्या यादीत दोन.

घरी पोचल्यावर पेटी तशीच पलंगाखाली सरकवून झोपू नका, विशेषतः पावसात. कडक पेट्यांमधला स्पंज पाणी धरून ठेवतो आणि रात्रभरात ते पाणी नळीवर चढतं. रायफल बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, पोलादी भागांवर तेलाचा पातळ हात फिरवा आणि ती उभी ठेवा. जाकीट दोरीवर, सावलीत. पेटीचं झाकण उघडं, स्पंज पंख्याखाली. सिलिका जेलच्या पुड्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा कोरड्या करता येतात, निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ते पुन्हा निळे होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं झालं की पेटी लगेच भरून ठेवा, संपलेल्या वस्तूंची चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून.